भिंतीवर उडालेलं पॉलिश

आधी वाईट बातमी सांगते. शेडमधली तुमची भिंत आप्पांनी चुना मारून पांढरीफटक करून टाकली.

चिडू नका. म्हाताऱ्यानं चांगल्या मनानं केलं. तुमचं दहावं-तेरावं उरकायला आम्ही सगळे पाटसला गावी होतो. तेवढ्या वेळात शेड झाडून-पुसून घ्यावी, पोरीला तेवढाच हातभार, असं त्यांच्या मनात आलं. परवा मी दौंडला परत आले, कुलूप काढलं, तर मागून काठी टेकत आप्पा आलेच. म्हणाले, "पोरी, भिंत लय घाण झालती. पार पत्र्यापतूर शिंतोडं. चुना मारून घेतला बघ. आता कसं, जरा परसन्न वाटतंय."

मी काय बोलणार? आपण भाडेकरू. जागा त्यांची, भिंत त्यांची आणि मायाही त्यांचीच. "बरं केलं आप्पा," मी म्हणाले. ते गेल्यावर भिंतीजवळ जाऊन नखानं खरवडून बघितलं. नखात नुसता चुना आला. खाली तुमचे शिंतोडे असतील, पण मला काही दिसले नाहीत. ज्या शिंतोड्यांवरून मी तुम्हाला उभा जन्म बोलले, त्यांच्यासाठी मी भिंत खरवडत उभी होते. हसा आता.

लोकांच्या घरात भांडणं होतात ती दारूवरून, सासूवरून, बांधावरून. आपल्या घरात भांडण व्हायचं पॉलिशवरून. पाहुण्यांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही. गाडीच्या बॉनेटवर पॉलिश किती घालायचं, एवढाच मुद्दा. तुम्ही डब्यात चार बोटं घालून पुरणपोळीवर तूप घालावं तसा गोळा काढायचात, बॉनेटवर थापायचात आणि त्यावर मशीन टेकवून एकदम बटण दाबायचात. मशीनची लोकरीची टोपी गरकन् फिरली की निम्मं पॉलिश गाडीवर राही आणि निम्मं भिंतीवर, पत्र्यावर, तुमच्या मिशीवर, माझ्या पदरावर. मी ओरडायचे, "अवो, जरा हात आखडा की! भिंत बघा, भिंत!" आणि तुमचं ठरलेलं उत्तर यायचं. "उडू दे की. भिंतीला बी जरा चमक नको व्हय?"

भांडण जिंकण्याची तुमची ही पद्धत मला कधीच पटली नाही, अजूनही पटलेली नाही.

माझं म्हणणं साधं होतं आणि ते मी लोकरीकडून शिकले होते. कवठे येमाईला वडलांच्या मेंढरांत वाढलेली मी. लोकर किती पिते, कधी नको म्हणते, ते मला सांगावं लागत नाही. पहिल्यांदा तिला सगळीकडून जरा ओलसर करून घ्यायचं, मग वरून थोडंथोडं द्यायचं. तेवढ्यावर ती काम करते. जास्त दिलं की लोकरीचे गठ्ठे होतात, ती चिकट होते आणि रंगावर नुसती घसरत राहते. ओरखडा जायचा तर राहिला बाजूला, वर पांढरट थर बसतो तो वेगळाच. तुम्हाला हे शंभरदा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "मेंढरं तुझी, गाड्या माझ्या."

मेंढरं माझी हे मात्र तुम्ही फार दिवस लावून धरलंत. आठवतं का, पुण्याहून आणलेली टोपी झिजली तेव्हा मी मोठ्या हौसेनं घरी एक शिवली होती. वडलांनी दिलेली काळी लोकर, घोंगड्याची. खरबरीत. तुम्ही ती कोपऱ्यात पडलेल्या जुन्या जीपच्या दारावर चालवून बघितली, तर दारावर विंचरल्यासारख्या रेघाच रेघा. तुम्ही पोट धरून हसलात. येईल त्या गिऱ्हाइकाला दार दाखवायचात. "आमची मंडळी मेंढरामागची हाय. गाडी कातराया निघाली व्हती." मी दोन दिवस अबोला धरला. मग कवठ्याला निरोप धाडून कोकरांची पहिली लोकर मागवली, जावळाची, हाताला सायीसारखी लागणारी. तिची टोपी शिवली. ती तुम्ही मशीनला बांधलीत, फिरवलीत, रंगावरनं हात फिरवलात आणि पुढच्या गाडीला लागलात. तेव्हापासून टोप्या माझ्याच हातच्या. तुमच्या तोंडून 'चांगली झाली' मला कधी ऐकायला मिळालं नाही. पण पुण्याची टोपी पुन्हा आणली नाहीत, त्यातच मी समजून घेतलं.

भंडाऱ्याची गोष्ट मी तेराव्याला सगळ्यांना सांगितली. त्या दिवशी तरी रडारड थांबावी म्हणून. कारखान्यावरचे शेतकी ऑफिसर, आपले साहेब, त्यांची ती जुनी पांढरी गाडी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घेऊन आले, "मिस्तरी, उद्या जेजुरीला जायचंय, देवापुढं गाडी उजळली पायजे." तुम्ही देवाचं नाव ऐकल्यावर नेहमीपेक्षा दुप्पट पॉलिश थापलंत. गडबडीत दारांच्या फटींत, दिव्यांच्या कडेला, नंबरपाटीच्या मागं सगळीकडं पॉलिश भरून राहिलं. तशीच ओलसर गाडी जेजुरीला गेली. तिथं भक्तांनी उधळला भंडारा. हळद ती, चिकटायला जागाच शोधत असते. साहेब परत आले तेव्हा गाडीची फट न् फट पिवळीधमक, कुणीतरी पिवळ्या दोऱ्यानं शिवून काढल्यासारखी. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत, हात जोडलेत आणि म्हणालात, "सायेब, आमी पॉलिश क्येलं, देवानं फिनिशिंग करून दिलं." साहेब आधी रागावले आणि मग तेच हसायला लागले.

हसले खरे, पण ती हळद काढायची कुणी? आपण दोघांनी. लिंबाच्या काडीला फडकं गुंडाळून फट न् फट कोरत बसलो. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी, मधे गाडी. मी बडबड करत होते की हात आखडला असता तर ही वेळ आली नसती. तुम्ही गाडीपलीकडून नुसते "व्हय, व्हय" करत होतात.

आता वाटतं, आपलं बोलणं व्हायचं ते तिथंच. मशीन चालू असताना काही ऐकू यायचं नाही, घरी तुम्ही जेवल्या-जेवल्या घोरायला लागायचात. फटीत भरलेलं पॉलिश कोरायला बसलो की तुमचं तोंड उघडायचं. आपल्या पोरीला, रेखाला, वरवंडला द्यायचं की नाही, ते आपण कुठल्याशा मारुतीच्या मागच्या काचेभोवती ठरवलं. तुमच्या धाकट्या भावाशी तुम्ही बोलायला लागलात, तेही मी एका टेम्पोच्या जाळीत काडी फिरवता फिरवता तुमच्या गळी उतरवलं. शिंतोडे उडाले नसते, तर काम तिथंच संपलं असतं. मग आपण बोललो तरी कधी असतो?

हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तुम्ही अख्खा डबा ओतला असतात.

शेवटी एकदा तुम्ही चिडलातच. म्हणालात, "चल, हून जाऊ दे. त्या जीपच्या दारावर अर्ध्यात तुझं, अर्ध्यात माझं. बघू कुणाचं चमकतंय." माझ्या टोपीनं रेघा मारलेल्या दाराचा पुन्हा एकदा उपयोग. मधोमध चिकटपट्टी लावली. तुमची बाजू आधी. भिंतीवर नेहमीसारखी रांगोळी. मग मी टोपी झटकली, जरासं पॉलिश बोटानं सगळीकडं चोळलं, दारावर इवले-इवले थेंब ठेवले, मशीन बंद असतानाच टेकवून ते पसरून घेतले आणि मग हळूच बटण दाबलं. एक थेंब उडाला नाही. तुम्ही बघत होतात. तुमचा चेहरा मी तिरक्या नजरेनं पाहत होते. आता निकाल लागणार, एवढ्यात लाईट गेली. भारनियमन. तुम्ही टाळ्या पिटल्यात. "निकाल राखून ठेवला, उद्या बघू!" उद्या एक ट्रक आला, परवा एक लग्नाची गाडी. दार भिंतीला टेकून राहिलं, त्यावर धूळ बसली. निकाल राहिलाच.

तुम्ही पडलात त्या दिवशी साहेबांचीच नवी गाडी होती, गडद निळी. बॉनेटचा डावा अर्धा भाग तुम्ही केला होतात, उजवा राहिला होता. मशीन चालू ठेवून तुम्ही खाली बसलात. मला वाटलं काही पडलं म्हणून वाकलात. मी टोपी शिवत होते, वर बघितलंच नाही, नुसतं म्हणाले, "आधी मशीन बंद करा." तुम्ही केलं नाहीत.

दवाखान्यातलं तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही शुद्धीत कमीच होतात. डॉक्टर भला माणूस होता. तुमच्या हाताला सुई, वर बाटली, त्यातून थेंब थेंब पडत होता. मी त्या थेंबाकडं बघत बसायचे. एवढ्या मोठ्या माणसाला एवढुसा थेंब! मला राहवलं नाही. डॉक्टर आले तसं मी म्हणाले, "सायेब, जरा जास्त सोडा की. बाटली भरलेली तर हाय." ते म्हणाले, "मावशी, यांचं हृदय कमजोर झालंय. जास्त सोडलं तर छातीत पाणी भरेल. जेवढं झेपतं तेवढंच देता येतं."

झेपतं तेवढंच. माझंच वाक्य, फक्त डॉक्टरच्या तोंडून. आणि मी ऐकायला तयार नव्हते. तुम्हाला आयुष्यभर 'पुरे, पुरे' म्हणणारी मी, दारात उभी राहून 'अजून द्या, अजून द्या' करत होते. तुम्ही शुद्धीत असतात तर मला चांगलं धरलं असतं यावरून. त्या थेंबाला मी लवकर पड म्हणून विनवलं, नवस बोलले, शिव्या दिल्या. तो आपल्या चालीनं पडत राहिला आणि तुम्ही गेलात. माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. कापडी पिशवी तेवढी होती, ती घट्ट धरून ठेवली होती.

अजून एक सांगायचंय. तुमचे उस्ताद आले होते. शिरूरच्या गॅरेजात ज्यांच्या हाताखाली तुम्ही शिकलात ते. फार थकलेत. पाटसच्या घरी ओट्यावर बसले, चहाला नको म्हणाले. मी बोलता बोलता म्हणाले की पॉलिशवरून आमचं नेहमी वाजायचं, हात फार सैल होता. तर ते माझ्याकडं वळले. म्हणाले, "बहू, उसने तुझे कभी बताया नहीं? नया नया था तब पैड सूखा रह गया था उसका. एक बोनट का किनारा जल गया, रंग उतर के पत्रा दिखने लगा. मैंने सबके सामने बहुत सुनाया था. उस दिन से उसका हाथ डरता था. सूखा नहीं छोड़ता था कभी."

इतकी वर्षं संसार केला आणि हे मला तुमच्या उस्तादाकडून कळावं? मला तुमचा असा राग आला की सांगता येत नाही. मी समजत होते हा माणूस उधळ्या आहे, ऐटबाज आहे, माझं ऐकायचं नाही म्हणून मुद्दाम करतो. आणि तुम्ही भीत होतात. भिंतीच्या चमकेचं बोलायचात तेव्हाही भीतच होतात का? एवढ्या गाड्या आपण समोरासमोर बसून कोरल्या, जगाच्या गोष्टी केल्या. ही एकच गोष्ट बोलला असतात तर मी तुमच्या मशीनवर हात ठेवला असता, म्हणाले असते, घाला हवं तेवढं, मी पुसते. आता तुम्हाला कसं सांगू?

तर काल साहेब आले. त्यांनी बॉनेटकडं बघितलं. म्हणाले, "वहिनी, घाई न्हाई. न्हाईतर आशीच घिऊन जातो मी. काय बिघडत न्हाई." मी म्हणाले, "अर्धवट काम त्यांनी कधी दिलं न्हाई. उद्या या."

आज सकाळी शेड उघडली. तुमच्या अर्ध्या बॉनेटवर पॉलिश वाळून पांढरं झालं होतं, तुमच्या बोटांचे फराटे जसेच्या तसे. तुम्ही लावलेलं शेवटचं पॉलिश पुसून काढायचं माझ्या वाट्याला आलं. फडकं हातात घेऊन मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. पुसलं तर तुमची बोटं जाणार, न पुसलं तर काम अर्धवट राहणार. शेवटी पुसलं. खालून निळा रंग आला, इतका लख्ख की त्यात मी दिसले. मग उजवा भाग माझ्या पद्धतीनं केला. टोपी रिठ्यानं धुऊन वाळवलेली होती. थोडंसं पॉलिश, हलका हात, कडांना चिकटपट्टी. पुसायला फारसं काही उरलंच नाही.

साहेब आले. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, मिस्तरींनी कुठवर क्येलतं आन् तुमी कुठनं क्येलं?" मी म्हणाले, "तुमीच सांगा." त्यांनी वाकून बघितलं, उन्हात गाडी काढून बघितली. जोड सापडला नाही.

हा आपला निकाल. चमक दोन्हीकडं सारखीच. मी बरोबर होते की नाही ते सांगा. कमी पॉलिशमध्ये तेवढंच काम झालं, भिंतीवर एक शिंतोडा नाही, पदरावर एक नाही. माझी बाजू खरी निघाली आणि ते ऐकायला तुम्ही नाहीत. गाडी गेली आणि मी रिकामी झाले. काडीला गुंडाळायचं फडकं तसंच घडी करून पडलेलं. सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. एवढा वेळ घेऊन मी करू काय?

मग काय मनात आलं कोण जाणे. कोपऱ्यातलं ते जीपचं दार ओढून आणलं. धूळ झटकली. डब्यात चार बोटं घातली आणि तुमच्यासारखा गोळा काढला, देवाला नैवेद्य दाखवावा एवढा. दारावर थापला, मशीन टेकवलं आणि एकदम बटण दाबलं.

अवो, काय उडालं म्हणून सांगू! आप्पांच्या नव्या चुन्यावर खालपासून वरपर्यंत. माझ्या तोंडावर, केसांवर, डोळ्यांत. डोळ्यांतून पाणी आलं ते पॉलिशचं की कसलं, ते मला विचारू नका. मी मशीन चालूच ठेवलं.

आवाज ऐकून आप्पा काठी टेकत धावत आले. दारातच थबकले. "आगं पोरी, जरा हात आखड की! भिंत बघ, भिंत! आत्ताच चुना मारलाय न्हवं?"

मी मशीन बंद केलं. खरं तर माफी मागणार होते. पण तोंडातून निघालं ते तुमचंच.

"उडू दे की आप्पा. भिंतीला बी जरा चमक नको व्हय?"

आप्पांनी कोपऱ्यातलं फडकं उचललं, लिंबाच्या काडीला गुंडाळलं आणि जीपच्या दाराच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसले.